डोळ्यासमोर कुटलेला मसाला

चैत्र अर्धा सरला की आमच्या गल्लीत माणसं शिंकत शिंकत बोलतात. मोतीशेठच्या किराणा दुकानापुढं लाल मिरचीची पोती तोंडं उघडून बसतात, गच्च्यांवर जुन्या लुगड्यांवर मिरच्या पसरलेल्या असतात, आणि दुपारचा वारा सुटला की तो तिखटपणा जिन्यातून, खिडकीतून, आत येतो, बंद कपाटातसुद्धा शिरतो. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज त्या वासातच कुठंतरी वाजत असतो. हे दिवस मला फार आवडतात असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो आहे. खरं तर या दिवसांत मी गल्लीतून जरा मान खाली घालूनच चालतो.

या वर्षी गल्लीच्या तोंडाशी नवीन कांडप सुरू झालं. काचेचं दार, आत दोन चकचकीत मशिनी, आणि बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी भिंतीवर एक पडदा. आतल्या कॅमेऱ्यातून आपली मिरची आपल्याला त्यावर दिसते. सुनीता, माझी बायको, म्हणाली, "एकदा बघून तर या, कसं कुटतात." म्हणून मागच्या सोमवारी मी मिरचीची पिशवी घेऊन गेलो. समोर तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. वैशाली तिचं नाव.

"काका, बिनघोर ठेवून जा. सगळं कॅमेऱ्यात हाय. मोबाइलवर पन बघता येतं." मग तिनं आवाज जरा खाली आणला. "पहिले या गल्लीत एक कांडपवाली होती म्हने. लोकांचा मसाला चोरायची. म्हनून आम्ही पहिल्याच दिवशी कॅमेरा बसवला."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सगळेच सांगतात की. तुम्ही इथलेच ना, तुम्हाला म्हाईत असंल."

मला माहीत होतं. त्या बाईचं नाव द्वारकाअक्का. आणि ती मसाला चोरते हे या गल्लीत पहिल्यांदा कोण बोललं, तेही मला माहीत होतं. मी बोललो होतो. त्याला आता आठ वर्षं झाली.

मी पिशवी उचलली आणि "घरी विचारून येतो" असं पुटपुटत निघालो.

मी बियाण्यांच्या एका कंपनीत शुद्धता तपासणीला आहे. काम सोपं आणि किचकट आहे. पांढऱ्या टेबलावर दाणे ओतायचे, चिमट्यानं एकेक सरकवायचा, आणि जो आपल्या जातीचा नाही तो बाजूला काढायचा. मग शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. अर्धं आयुष्य या टेबलाशी गेल्यावर डोळ्यांना एक सवय लागते, आणि ती सुट्टीच्या दिवशी सुटत नाही. कचोरी तोडली की मी आधी तेल नाकाशी नेतो. रसवंतीवाला उसाचं चिपाड किती वेळा चरकात घालतो ते मोजतो. खरबूज घेताना देठाशी अंगठा दाबून बघतो, आणि विकणाऱ्यानं "गोड है, ले जाव" म्हटलं की मला ते हमखास फिकं वाटू लागतं. शेजारी माणूस नुसता हसला तरी का हसला, हा प्रश्न मनात उमटतोच. गल्लीतले लोक मात्र या सवयीला मान द्यायचे. "साहेबांना दाखवा," म्हणायचे. गहू घेतला तरी मूठभर माझ्या तळहातावर ठेवायचे. त्या मानाची मला चटक लागली होती, हे आता कळतं.

आम्ही मूळचे कुंभार पिंपळगावच्या बाजूचे. नोकरीमुळं जालन्यात आलो, आणि मस्तगडाजवळच्या या जुन्या गल्लीत घर मिळालं. वडील गेल्यावर आई आमच्याकडं राहायला आली. शहरावर तिचा विश्वास नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिनं सुनीताला सांगून टाकलं, "दळन, कुटन आन् दूध, या तीन गोष्टी डोळ्यासमोर घ्यायच्या." पण हा काही तिचा एकटीचा नियम नव्हता. आमच्याकडं सगळेच तसं करतात. मिरची-मसाला घेऊन कांडपावर जायचं आणि आपलं कुटून होईपर्यंत समोर बसायचं. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. कुटणाऱ्या बाईलाही वाटत नाही. उलट समोर बसल्यामुळंच तिथं बायकांची पंगत जमते. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या पोराला स्थळ सांगून आलं, कुणाच्या नळाला पाणी आलं आणि कुणाच्या नाही, सगळं त्या बाकावर कळतं. संशयानं आणून बसवलेली माणसं तिथून उठताना मैत्रिणी होऊन उठतात, असं मी पाहिलेलं आहे.

द्वारकाअक्काचं कांडप मोतीशेठच्या दुकानासमोर होतं. पत्र्याची एक खोली, एकच मशीन, दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वरखाली होणारी. अक्का उंच, हाडकुळी. नाकावर ओलं फडकं बांधायची आणि मशीनच्या वर आवाज काढून काढून तिचा साधा आवाजसुद्धा भांडणाचा वाटायचा. नवरा रोलिंग मिलमध्ये कामाला. ती नुसतं कुटून देत नसे. डबा उघडून आधी वास घ्यायची. "धने कच्चे राह्यले. जा, परत भाजून आन. मी न्हाई कुटत असलं." बायका बडबडत घरी जायच्या आणि परत भाजून आणायच्या.

आईच्या मसाल्यात एक गोष्ट अशी होती की जी गल्लीत दुसरं कुणी घालत नसे. मोसंबीची वाळवलेली साल. आमच्या शेतात बाग होती, तेव्हापासूनची तिची ती रीत. साल सावलीत वाळवायची, तेलात जराशी तळायची, आणि काळ्या मसाल्यात चार-सहा तुकडे टाकायचे. खाताना कळत नाही. घास गिळल्यावर जिभेच्या मागं एक बारीक कडवट गोडी राहते.

"मावशी, हे काय? मसाला करून राह्यल्या का औषध?" अक्कानं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तू कूट. खाऊन सांग मंग."

पुढच्या वर्षी अक्कानं स्वतःच विचारलं, "साली आनल्या का?"

कांडपाला लागूनच किसनमामाचं हॉटेल. ते अजून आहे. चार बाकं, एक पिंप, आणि सकाळपासून उकळणारं एक काळंभोर पातेलं. वडा-रस्सा हीच तिथली कीर्ती. मी रोज कामावर जाताना तिथं थांबायचो. त्या रश्श्यात काय आहे ते कुणालाच सांगता यायचं नाही. आज खोबऱ्याकडं झुकलेला, उद्या लवंगेकडं, परवा दगडफुलाचा वास जास्त. दर दोन दिवसांनी चव जराशी सरकलेली, तरी ओळखीची. सकाळी सात-आठ माणसं बाकावर घाम पुसत खायची, कोण काय करतो याची चौकशी व्हायची. मोतीशेठ कांदा-लसूण खात नसल्यामुळं फक्त चहाला यायचे, पण तेही पातेल्याकडं बघून म्हणायचे, "किसन, खुशबू तो बराबर है." अशा सकाळी त्या चार बाकांत सगळी गल्ली मावायची. मला वाटायचं, शहरात आलो ते चांगलं केलं.

त्या वर्षी आईचा खांदा दुखत होता, म्हणून मसाला घेऊन मी गेलो. बायकांमध्ये मी एकटाच पुरुष, रुमाल नाकाशी धरून बसलेलो. मुसळं पडत होती, लालकाळा धुरळा उठत होता. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. एका लॉटच्या चाचणीत काहीतरी घोळ झाला होता. मशीनच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मी बाहेर आलो, बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत गेलो. परत येईस्तोवर अर्धा तास झाला असेल. मसाला कुटून, चाळून, डब्यात भरून तयार होता. "घ्या भाऊ," अक्का म्हणाली. मी डबा हातात तोलून पाहिला. हलका वाटला. खरंच हलका होता की मी समोर नव्हतो म्हणून हलका वाटला, हे मी आजही सांगू शकत नाही.

तीन दिवसांनी किसनमामाकडं वड्याचा पहिला घास गिळला आणि थांबलो. जिभेच्या मागं ती कडवट गोडी होती. मोसंबीची.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय योगायोग. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तीन नमुने घेतल्याशिवाय आम्ही निकाल देत नाही. तिसऱ्या दिवशी चव जरा पातळ झाली होती, पण होती.

"मामा, मसाला कुठून आणता हो?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"आपल्या मोहल्ल्यातूनच येतो," किसनमामा हसत म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तो का हसला? तो का वळला? दिवसभर पांढऱ्या टेबलाशी बसून मी दाणे सरकवत होतो आणि मनात तेच सरकवत होतो. मी अर्धा तास नव्हतो. डबा हलका होता. शेजारच्या हॉटेलात आमची चव आहे. हिशेब जुळत होता. विचारायला अक्काकडं जाणं दोन मिनिटांचं काम होतं. पण खात्री झालेला माणूस विचारायला जात नाही.

संध्याकाळी मोतीशेठच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जण बसायचो. तिथं मी ते बोललो. आवाज मुद्दाम खाली आणून बोललो, त्यामुळं ते जास्त खरं वाटलं असावं. मोतीशेठ जिऱ्याची पुडी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"साहेब, पक्कं आहे? मी तिला पंधरा वर्षांपासून समोर बघतो."

"शंभर टक्के. आमच्या घरची चव आहे. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

"एक बार तिला विचारून घ्या."

"चोर काय हो म्हणणार आहे का, शेठजी?"

मोतीशेठ पुडीला दोरा गुंडाळत राहिले. पण बबनराव, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, एकदम पुढं सरकले. "खरं सांगू का? मलापन त्यात आमच्या घरचा मसाला लागतो. कधीचा लागतो. घरी बोललो न्हाई, बायको म्हनंल, मंग बाहेर खाता कशाला."

ओटा हसला. आणि गोष्ट सुटली.

पुढचे दोन दिवस किसनमामाच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली माणसं आपापल्या घरची चव ओळखायला येत होती. एकाला खसखस सापडली, एकाला बायकोच्या माहेरचा लसूण सापडला. ज्याच्या घरी त्या वर्षी मसाला केलाच नव्हता, त्यालाही त्याच्या घरचा लागला. किसनमामा घामाघूम होऊन वडे सोडत होता. "काय राजूरची जत्रा भरली का इथं?" म्हणत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाकं रिकामी झाली.

कांडपावरही काहीतरी बदललं. बायका समोर बसायच्याच, पण आता त्या बोलत नव्हत्या. पूर्वी ज्या मशीनकडं पाठ करून गप्पा मारायच्या त्या आता मान वळवत नव्हत्या. कुणी डबा घेऊन मोतीशेठच्या काट्यावर तोलून जायची, परतताना परत तोलायची. काय झालं ते अक्काला कळेना. ती जास्त मोठ्यानं बोलू लागली.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. एका नव्या सुनेनं, लग्न होऊन चारच महिने झालेल्या, सरळ विचारलं, "अक्का, त्या फळीवरच्या डब्यात काय हाय?" अक्कानं मशीन बंद केलं. ते बंद झालं की गल्ली एकदम ऐकू यायला लागायची. मी सुट्टीवर होतो, ओट्यावर बसलो होतो. अक्कानं डबा आणला, दारात सगळ्यांसमोर उघडला. आत गडद, भुरकट रंगाचा मसाला होता. निम्मा डबा.

"हे झाडण हाय," ती म्हणाली. "मशीनच्या काठाला जे चिकटून राह्यतं ते. ब्रशनं काढते मी. खालचं न्हाई, काठाचं. तुझ्या सासूला विचार. ते मशीनचं असतं, कुटनारीचं. सगळ्यांचं एकात एक झालेलं, ते कुनाला वापस देऊ? किसनभाऊ नेतो, रश्श्यात टाकतो. पहिल्यापासून नेतो."

तेव्हा मला कळलं. रश्श्यात आमच्या घरची चव होती हे खरंच होतं. बबनरावांच्या घरची होती हेही खरं होतं. सगळ्यांच्या घरची चिमूट चिमूट त्या पातेल्यात होती, म्हणून तर तो रस्सा दर दोन दिवसांनी सरकायचा आणि तरी ओळखीचा लागायचा. मी नमुना बरोबर तपासला होता. निकाल चुकीचा दिला होता.

गल्लीतल्या जुन्या बायकांना हे माहीत होतं. पण त्या बायकांच्या बाकावरची ती रीत कधी पुरुषांच्या ओट्यापर्यंत आली नव्हती, आणि नव्या सुनांना ती कुणी समजावली नव्हती. शिवाय मी एक गोष्ट तेव्हापासून मनात धरून आहे. माहीत असलेलीच गोष्ट कुणी दबक्या आवाजात सांगितली, की माहीत असणाऱ्यांनाही ती नवीन वाटायला लागते. त्या जुन्या बायका त्या डब्याकडं असं बघत होत्या, जणू पहिल्यांदा बघताहेत.

माझी आई त्या घोळक्यात होती. "हे तर नेहमीचंच हाय गं," ती हळू म्हणाली. नवी सून म्हणाली, "मंग तुमच्या घरूनच कसं निघालं, मावशी, चोरीचं?"

आईनं वर पाहिलं. ओट्यावर मी होतो. मी उठून दहा पावलं चालायचं होतं आणि म्हणायचं होतं, माझं चुकलं. मी ती दहा पावलं चाललो नाही. चपलेत पाय घातला, इतकंच. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खाली पाहिलं.

अक्कानं तो डबा गटारीत उलटा केला आणि मशीनचा पट्टा काढून ठेवला. मसाल्याचे दिवस अजून सरले नव्हते, अर्ध्या गल्लीची मिरची कुटायची बाकी होती. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. ती कुंडलिकेच्या पलीकडं, नव्या जालन्यात राहायला गेली एवढंच कळलं. तिच्या जुन्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे.

अक्कानं डबा उलटा केला त्या रात्री जेवताना आईनं विचारलं, "तू बोलला व्हतास का?"

"मी एकटा थोडाच बोललो," मी म्हणालो.

तिनं परत विचारलं नाही. पुढच्या चैत्रात तिनं मसाला बाहेर दिलाच नाही. घरच्या खलबत्त्यात दुखऱ्या खांद्यानं थोडा थोडा कुटत बसायची, दोन आठवडे. "मशीनवर चव मरते," म्हणायची. मीही लोकांना सांगायचो, आमच्या आईला हातानं कुटलेलंच लागतं. त्याचाही मला जरा अभिमानच होता. तीन वर्षांपूर्वी ती गेली. आता सुनीता पाकीट आणते. किसनमामाही पाकीटच वापरतो. त्याचा रस्सा आता रोज एकसारखा लागतो. मी अजून तिथं जातो. तो मला अजून "या साहेब" म्हणतो. त्याला माहीत आहे की नाही याचा मी दरवेळी त्याच्या चेहऱ्यावर शोध घेतो.

वैशालीच्या त्या कांडपावरून परत आलो त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. आठ वर्षांत मी स्वतःची समजूत घातली होती की लोक विसरले असतील. लोक खरंच विसरले होते. अक्काचं नाव विसरले होते, ती कच्चे धणे परत पाठवायची ते विसरले होते, त्या दिवशी डब्यात काय निघालं तेही विसरले होते. लक्षात फक्त माझं वाक्य राहिलं होतं.

बुधवारी रजा टाकली. नवं कांडप आलं म्हणून सुनीतानं या वर्षी पाकिटाऐवजी घरी भाजलेला मसाला आणि मिरच्या घेतल्या, मोसंबीची साल आठवणीनं टाकली, आणि पूल ओलांडून पलीकडं गेलो. विचारत विचारत सापडलं. पत्र्याचीच खोली, तेच मशीन. अक्का म्हातारी झाली होती. नाकावर तसंच ओलं फडकं.

तिनं डबा उघडला, वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं.

"मावशीचा मसाला," ती म्हणाली.

"आई गेली, अक्का. तीन वर्षं झाली."

"कळलं व्हतं." तिनं मिरची मशीनमध्ये ओतली.

मी घरून ठरवून आलो होतो. "अक्का, तुम्ही कुटून ठेवा. मी तासाभरात जाऊन येतो."

"बसा."

"नको, काम आहे जरा. माझा भरोसा आहे तुमच्यावर."

"तुमचा असंल," ती म्हणाली. "माझा न्हाई. बसा तिथं."

मी बसलो. मुसळं सुरू झाली. डोळ्यांतून पाणी आलं; ते मिरचीचंच होतं, त्याचं दुसरं काही करून मी सांगणार नाही. मशीन थांबल्यावर मी बोललो. इतक्या वर्षांत मनात कितीदा जुळवलेली वाक्यं एकही कामी आली नाहीत. "ते मीच बोललो होतो, ओट्यावर. पहिल्यांदा मी."

"म्हाईत हाय," ती चाळणी हलवत म्हणाली. "मावशी आल्त्या ना सांगायला. मी इकडं आल्यावर महिनाभरानं. रिक्षानं आल्त्या. म्हनल्या, माझ्या लेकानं केलं, आन् मी त्याची इज्जत राखायला गप बसले. लई रडल्या. मी म्हनलं, मावशी, झालं गेलं. पुढच्या साली मसाला आना, मी कुटून देते. तर म्हनल्या, कोन्त्या तोंडानं आनू?"

मला घरचा खलबत्ता आठवला. दुपारी दुपारी येणारा तो मंद आवाज. मशीनवर चव मरते.

"मंग हातानं कुटलं असंल त्यांनी," अक्का म्हणाली. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

तिनं डबा भरून दिला. मग ब्रश घेऊन मशीनचा काठ झाडला, एकदा, परत एकदा, तिसऱ्यांदा. निघालं ते सगळं वर्तमानपत्राच्या कागदात घेतलं, पुडी बांधली आणि माझ्या डब्यावर ठेवली.

"हे तुमचं असतं, अक्का," मी म्हणालो. "कुटणाऱ्याचं."

"तिकडं व्हतं. इकडं मी ज्याचं त्याला देते. तेव्हापासून."

"पण यात दुसऱ्यांचंही असेल."

"असंल. घेऊन जा." तिनं फडकं नाकावर ओढलं आणि पुढच्या बाईचा डबा उघडला. "धने कच्चे हायेत गं."

तिनं माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही, आणि विचारलं असतं तरी तिचा माझ्यावर भरोसा नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. पुलावर थांबून मी पुडी उघडली, चिमूटभर जिभेवर ठेवली. मोसंबी होती. त्याच्या मागं कुणाचंतरी जास्त झालेलं शहाजिरं, कुणाचीतरी जळकी लवंग. कुणाचं असेल, कोणत्या घरचं, असा शोध सुरू झाला तशी मी पुडी मिटली.

घरी न जाता सरळ वैशालीच्या कांडपावर गेलो. बाकावर दोन बायका पडद्याकडं बघत बसल्या होत्या. वैशाली काचेच्या आत होती; मला बघून दार उघडून बाहेर आली.

"काय काका, घरी विचारलं का?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, ती कांडपवाली चोरायची. ती चोरत नव्हती. द्वारकाअक्का तिचं नाव. मशीनच्या काठाला राहतं ते झाडण ती ठेवायची, आणि ते कुटणाऱ्याचंच असतं, सगळ्यांना माहीत होतं. ती चोरते असं मी बोललो होतो. खोटं बोललो होतो. कुणी तुम्हाला परत सांगितलं तर माझं नाव सांगा."

दोन्ही बायकांनी पडद्यावरची नजर काढून माझ्यावर ठेवली. ज्या नजरेनं मी आयुष्यभर लोकांना पाहत आलो, त्याच नजरेनं वैशालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा माणूस हे आत्ता का सांगतोय, असं त्या नजरेत होतं. मला ते वाजवी वाटलं. ती परत आत गेली, आणि मी पाय दुखत होते म्हणून बाकाच्या टोकाला टेकलो. बायका थोड्या सरकून बसल्या. माझ्यापासून लांब.

पडद्यावर मशीन थांबलं. कॅमेरा वरून बघत होता. वैशालीचा हात आला, त्यात ब्रश होता. तिनं मशीनचा काठ हलकेच झाडला. मग तोच हात झाडण घेऊन खाली गेला, पडद्याच्या अगदी कडेला, जिथं फळीखाली एका स्टीलच्या डब्याचं झाकण अर्धवट दिसत होतं. इतक्या दिवसांत कुणाला दिसलं नव्हतं, कारण सगळे आपल्या मिरचीकडं बघत होते. तिनं काचेतून वर पाहिलं. मी पडद्याकडंच बघत होतो, हे तिला दिसलं. तिचा हात तिथंच थांबला.

शेजारच्या बाईनं मला विचारलं, "काय बघून राह्यले हो काका येवढं?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "बराबर चाललंय."